सार्वजनिक फोन हटवा, पण सगळेच नकोत

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

पदपथांवरचे मोडके फोन बूथ महापालिकेने उचलून न्यावेत, अशी मागणी मुंबईत वरचेवर होते. ती रास्तच आहे. गंजलेला खांब, फुटलेली फायबरची छत्री, आत लोंबणारी वायर आणि भोवती साठलेला कचरा यांचा कोणालाच उपयोग नाही. चालणाऱ्यांची वाट मात्र अडते. आमचा आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. बूथ हटवताना 'आता सार्वजनिक फोनची गरजच उरली नाही' असे गृहीत धरले जाते आणि रुग्णालयाच्या दारातला, एसटी स्थानकातला, रेल्वे फलाटावरचा शेवटचा फोनही जातो. निवडक ठिकाणी हे फोन राहिले पाहिजेत आणि ते चालूही राहिले पाहिजेत. कसे, ते सांगायचे तर जुने फोन कशाने बंद पडले हे आधी नीट सांगावे लागेल.

'मोबाइल आला आणि पीसीओ, म्हणजे सार्वजनिक फोन, गेले' एवढ्यावर सगळे विषय संपवतात. तारखा पाहिल्या तर ते अर्धेच खरे आहे. देशात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. येणारे कॉल १ मे २००३ पासून फुकट झाले. १ मार्च २००६ पासून सरकारी कंपन्यांनी देशभर कुठेही एक रुपया मिनिट असा दर लावला, आणि रात्रीच्या पाव दराची वाट पाहत बाहेरगावी फोन करायच्या एसटीडी बूथसमोर लागणारी रांग तिथेच संपली. तरीही सार्वजनिक फोनांची संख्या २००८-०९ पर्यंत वाढतच होती. त्या वेळी देशात ते पन्नास लाखांहून अधिक होते. म्हणजे हातात मोबाइल आल्यावरही कितीतरी वर्षे लोक रुपयाचे नाणे टाकून चालणारा फोन वापरत होते. काचेच्या खोलीतले एसटीडी बूथ दरकपातीने मारले. रुपयाच्या फोनाचे मरण वेगळे होते, आणि त्यात यंत्राच्या, तारेच्या व देखभालीच्या दोषांचा वाटा मोठा होता.

नाण्यापासूनच सुरुवात करू. रुपयाच्या फोनच्या डब्यात नाणे टाकले की ते उतरत्या पन्हळीतून घरंगळत जाते. पन्हळीतली फट ठरावीक व्यासाची असते. नाणे त्यापेक्षा लहान असेल तर ते बाजूला घसरून खालच्या परतीच्या कप्प्यात पडते. योग्य व्यासाचे नाणे पुढे सरकते आणि जाडी व वजनाच्या कसोटीला लागते. तिथे उतरले तरच ते पेटीच्या तोंडाशी अडून राहते आणि कॉल लागला की पेटीत पडते. ही सगळी मापे १९९२ पासून चालत आलेल्या स्टीलच्या रुपयावर बसवलेली होती. त्याचा व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम. २०११ मध्ये नव्या मालिकेचा रुपया आला. त्याचा व्यास २२ मिलिमीटर आणि वजन ३.७९ ग्रॅम. १९८८ पासूनच्या स्टीलच्या पन्नास पैशांचे मापही नेमके हेच.

आता दुरुस्ती करणाऱ्यापुढचा पेच पाहा. फट २५ मिलिमीटरलाच ठेवली तर नवा रुपया दर वेळी परत येणार. ती २२ ला आणली तर आठ आण्यांत रुपयाचा कॉल होणार. दोन्ही रुपये घ्यायचे आणि पन्नास पैसे नाकारायचे, हे व्यास आणि वजन तपासणाऱ्या यंत्राला जमणे शक्यच नव्हते, कारण नवा रुपया आणि जुने पन्नास पैसे यांत त्याला फरक करता येत नाही. धातूचा पोत आणि छाप ओळखणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवायचे, तर त्याचा खर्च रुपया-रुपयाने वसूल होण्यासारखा नव्हता. परिणामी बहुतेक डबे जसे होते तसेच राहिले. खिशातला नवा रुपया टाकला, खळकन खाली आला, पुन्हा टाकला, पुन्हा आला, की माणूस 'फोन बिघडलाय' म्हणून निघून जायचा. फोन ठीक होता. नाणे बदलले होते.

दुसरी तक्रार याच्या उलट असे: नाणे गिळले, पण बोलणे झालेच नाही. त्याचे मूळ बहुतेक वेळा एक्स्चेंजमध्ये, म्हणजे लाइनी जोडणाऱ्या दूरध्वनी केंद्रात, सापडायचे. पलीकडच्याने फोन उचलला हे डब्याला आपोआप कळत नाही. एक्स्चेंजने त्या क्षणी लाइनच्या दोन तारांची धन-ऋण दिशा उलटवावी लागते, किंवा १६ किलोहर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा स्पंद पाठवावा लागतो. सी-डॉट या सरकारी संस्थेने रचलेल्या एक्स्चेंजमध्ये यासाठी वेगळे कार्ड असते, साध्या घरगुती लाइनच्या कार्डात ही सोय नसते. कार्ड जळाले म्हणून किंवा केबल बदलली म्हणून एखादा पीसीओचा नंबर घाईत साध्या कार्डावर टाकला, की डायल टोन मिळतो, नंबर लागतो, घंटा वाजते, पलीकडचा 'हॅलो, हॅलो' करतो. पण उत्तराचा इशारा न मिळाल्याने डबा तुमचा आवाज पुढे सोडत नाही. लाइनमन तपासायला आला तर त्याच्या हातातल्या टेस्ट फोनवर सगळे ठाकठीक दिसते. तो 'ओके' लिहून जातो आणि तक्रार तशीच राहते.

एसटीडी बूथमध्ये हाच दोष बिलात उतरायचा. मीटरला स्पंद मिळत नसेल तर काही ठिकाणी तो 'डिले'वर टाकत, म्हणजे नंबर फिरवल्यावर ठरावीक सेकंदांनी मोजणी आपोआप सुरू. पलीकडे नुसती घंटा वाजत असली तरी आकडा पळायचा आणि बूथवाला व गिऱ्हाईक यांच्यात वाद व्हायचा. बूथवाले लबाड होते असा समज त्यातून पसरला. ते बिचारे कमिशनवर जगत आणि एक्स्चेंजच्या बिलाशी मीटरचा मेळ घालता घालता मेटाकुटीला येत.

तिसरी गोष्ट तार. मुंबईत भूमिगत केबल एक्स्चेंजमधून रस्त्याकडेच्या पिलरला, म्हणजे तारा जोडण्याच्या मोठ्या पेटीला, येते, तिथून डीपीच्या छोट्या पेटीला, आणि तिथून ड्रॉप वायरने फोनपर्यंत. या प्रत्येक टप्प्यावर जोड आहे, आणि जिथे जोड आहे तिथे पावसाळ्यात पाणी शिरते. कागदी आवरणाच्या जुन्या केबलमध्ये एका ठिकाणी पाणी शिरले तर शेकडो लाइन एकदम मरतात. जेली भरलेल्या केबलमध्ये पाणी पसरत नाही, पण जोडावरची बाही नीट बंद केली नसेल तर तिथेही तेच. समुद्राची खारी हवा पिलरमधल्या पितळी टोकांवर हिरवट थर चढवते आणि खरखर सुरू होते.

दोष कुठे आहे हे शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो. रिसीव्हर ठेवलेला असताना दोन तारांमध्ये ४८ व्होल्टच्या आसपास डीसी दाब हवा. रिसीव्हर उचलला की तो सुमारे ६ ते १२ व्होल्टवर उतरतो. डीपीवर ४८ मिळतात आणि फोनपाशी शून्य, तर ड्रॉप वायर तुटली. डीपीवरही शून्य, तर पिलरमधला जंपर (दोन टोके जोडणारी तार) पाहावा. ड्रॉप वायर सोडवूनही डीपीवर ४८ च्या जागी तीस-पस्तीसच मिळत असतील, तर पाणी शिरल्यामुळे करंट गळतो आहे. तिथे फोन बदलून काही होत नाही, जोड उघडून सुकवावा किंवा नवा घालावा लागतो. हे काम तासाभराचे असते, फक्त ते करणारा माणूस हवा. जानेवारी २०२० च्या स्वेच्छानिवृत्तीत एकट्या एमटीएनएलमधून चौदा हजारांहून अधिक कर्मचारी एकाच वेळी बाहेर पडले. तारांची कोणती जोडी कोणत्या पिलरमध्ये कुठे आहे, हे ज्यांना तोंडपाठ होते ते त्यांच्याबरोबर गेले. रस्त्यांच्या काँक्रिटीकरणात तुटलेल्या केबल मग जोडल्याच गेल्या नाहीत. घरगुती ग्राहक निदान तक्रार तरी करतो. पदपथावरच्या फोनची तक्रार कोण करणार?

यंत्रावर लोकांनीही हात चालवला, हे लपवण्यात अर्थ नाही. खाचेत काडी, च्युइंगगम, लोखंडी वॉशर. रिसीव्हरच्या तोंडाचे झाकण फिरवून आतला मायक्रोफोन काढून नेलेला. कॉर्ड कापलेली. पण एक फरक सगळ्यांनी लक्षात घ्यावा. उघड्यावर एकट्या उभ्या असलेल्या छत्रीखालचे फोन आधी गेले. पानाच्या गादीवर, किराणा दुकानाच्या फळीवर, दिव्यांगांना दिलेल्या टपरीत असलेले लाल डबे कितीतरी अधिक वर्षे टिकले. ज्याच्यासमोर माणूस बसलेला आहे तो फोन टिकतो. पुढची कोणतीही योजना या एका निरीक्षणावर उभी करावी, असे आम्हाला वाटते.

दुकानांतल्या त्या डब्यांपैकी बरेच खासगी कंपन्यांच्या सीडीएमए तंत्रावरचे बिनतारी डबे होते. ती जाळी कंपन्यांनी २०१६-१७ च्या सुमारास गुंडाळली आणि चांगले चालणारे डबेही त्यांच्याबरोबर मुके झाले. ते सुटे विकले गेले किंवा भंगारात गेले.

आता गरजेबद्दल. 'सगळ्यांकडे मोबाइल आहे' हे विधान ज्याचा मोबाइल आत्ता चालू आहे तोच करतो. लोकलमध्ये फोन मारला गेला की पहिल्या तासाभरात तीन कॉल करावे लागतात: सिम बंद करायला कंपनीला, खाते गोठवायला बँकेला आणि पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकाला. तिन्हींसाठी फोनच लागतो, आणि तोच चोरीला गेलेला असतो. पूर्वी शेजारच्या प्रवाशाकडे मागता यायचा. आता अनोळखी माणसाच्या हाती मोबाइल द्यायला लोक घाबरतात, कारण तो आपले कॉल आणि ओटीपी स्वतःकडे वळवेल अशी धास्ती असते. ती धास्ती रास्त आहे, पण तिच्यामुळे अडलेल्याची शेवटची वाटही बंद झाली.

प्रीपेडची वैधता संपली की आधी जाणारे आणि काही दिवसांनी येणारे कॉलही थांबतात. केईएम, शीव, नायर या रुग्णालयांत बाहेरगावाहून रुग्ण घेऊन आलेल्या नातेवाइकांत अशी माणसे हमखास भेटतात. रिचार्ज करायला पैसे नाहीत, पैसे मागायला गावी फोन करायचा तर रिचार्ज नाही. आणि मुले. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आधाराने सुरू झाली. 'दस नौ आठ' असा तिचा नंबर फलाटावरच्या मुलांच्या तोंडी बसवला गेला, कारण त्या मुलांना सार्वजनिक फोनवरून एक पैसा न टाकता तो लावता येत असे. आता ती सेवा ११२ शी जोडली गेली आहे. पण घरातून पळून दादरला उतरलेल्या दहा वर्षांच्या मुलाने ती लावायची कुठून?

संकटकाळाबद्दल बोलताना अतिशयोक्ती नको. २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, मोबाइलबरोबर लँडलाइनलाही मोठा फटका बसला होता. पाण्यात बुडालेली यंत्रणा तांब्याची असो की बिनतारी, चालत नाही. परंतु ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या संध्याकाळी पाणी नव्हते, वीज होती, मनोरे उभे होते. एकाच वेळी सगळ्यांनी फोन लावल्यामुळे मोबाइलचे जाळे तुंबले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरात वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा प्रश्न बॅटरीचा होता. मनोऱ्याची बॅटरी काही तासांची, हातातल्या फोनची त्याहून कमी.

तांब्याच्या तारेवरचा साधा फोन या दोन्ही प्रसंगांत वेगळा ठरतो, कारण तो मोबाइलच्या मनोऱ्यांवर चालत नाही आणि त्याला जागेवर वीज लागतच नाही. बोलण्यासाठी लागणारे ४८ व्होल्ट आणि घंटेसाठी लागणारे ७५ व्होल्ट दोन्ही त्याच तारेतून एक्स्चेंजच्या बॅटरीवरून येतात, आणि त्या बॅटरीमागे डिझेल जनरेटर असतो.

इथे आजची अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तांब्याची केबल जाऊन फायबर येत आहे. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. फोनपाशी बसवलेल्या फायबरच्या डब्याला स्वतःचा वीजपुरवठा लागतो, आणि लाइट गेले की तो फोनही जातो. म्हणून फायबरवर सार्वजनिक फोन द्यायचा तर बॅटरीचे गणित आधी करावे. फायबरचा डबा आणि फोन मिळून सुमारे १० वॉट घेतात असे धरू. १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीत ८४ वॉट-तास असतात, म्हणजे कागदावर आठ तास. प्रत्यक्षात ती पूर्ण रिकामी करता येत नाही आणि जुनी होत जाते, तेव्हा पाच तास धरावेत. अख्खा दिवस हवा असेल तर याच हिशेबाने किमान ३४ एएचची बॅटरी लागेल, आणि मुंबईच्या उकाड्यात ती साधारण तीन वर्षांनी बदलावी लागेल. बदलण्याची तारीख पेटीवर ठळक रंगवलेली असावी. बसवताना घेतलेल्या बॅटऱ्या पुढे कोणी पाहत नाही, हाच अशा योजनांचा नेहमीचा शेवट असतो. जिथे तांब्याची लाइन अजून चांगली आहे, तिथे निदान सार्वजनिक फोनपुरती तरी ती ठेवावी.

बाहेरच्या देशांनी काय केले ते थोडक्यात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२१ पासून टेल्स्ट्राच्या सुमारे १५ हजार सार्वजनिक फोनांवरून देशांतर्गत कॉल मोफत झाले. त्यामुळे नाण्यांची पेटी, ती रिकामी करणारा माणूस आणि तिच्यासाठी होणारी तोडफोड, तिन्ही एकदम गेले. ब्रिटनमध्ये वर्षभरात ५२ कॉल झालेला, अपघातांच्या जागचा किंवा मोबाइलची रेंज नसलेल्या जागचा बूथ मनात आले म्हणून काढता येत नाही. जपानने संख्या बरीच कमी करण्याची मुभा दिली, पण ठरावीक अंतरावर फोन ठेवण्याचे बंधन कायम ठेवले, आणि मोठ्या आपत्तीत हे फोन मोफत केले जातात. तिघांनीही बूथ कमी केले. आधी कोणते ठेवायचे ते ठरवले आणि मग बाकीचे काढले, एवढाच क्रम आपल्याकडे पाळला गेला नाही.

मुंबईसाठी आमची सूचना अशी आहे. मोठी सरकारी व पालिका रुग्णालये, एसटीची मुंबई सेंट्रल, परळ आणि कुर्ला नेहरूनगर ही स्थानके, सीएसएमटी, दादर, कुर्ला टर्मिनस, ठाणे, कल्याण अशी रेल्वे स्थानके, न्यायालये आणि दाट वस्तीतली पालिका विभाग कार्यालये एवढ्या ठिकाणी फोन असावेत. शक्य तिथे ते जुन्या पीसीओ टपरीतच द्यावेत. या टपऱ्या देताना दिव्यांगांना प्राधान्य होते. फोन बंद झाल्यावर त्यांतल्या अनेकांनी झेरॉक्स, रिचार्ज, बिस्किटे असे काहीबाही ठेवून दिवस काढले, आणि परवाना फोनचा असताना दुसरा माल विकता म्हणून त्यांना कारवाईचे भय राहिले. दुसरा व्यवसाय अधिकृत करून द्यावा आणि बदल्यात सार्वजनिक फोन सांभाळण्याची अट घालावी. फोनवर लक्ष ठेवायला माणूस मिळेल, टपरीला कायदेशीर आधार मिळेल.

यंत्र बिननाण्याचे असावे. कॉल तीन मिनिटांनी आपोआप तुटावा, शेवटची पंधरा सेकंदे राहिली की बीप वाजावा. फक्त जाणारे कॉल, परदेशी कॉल बंद. ११२, १०८, १०१, १०९८, १९३०, रेल्वेचा १३९ या क्रमांकांना वेळेची मर्यादा नको. स्टीलची बटणे, ५ वर उठावदार ठिपका, स्टीलच्या लवचीक नळीतली कॉर्ड, आवाज वाढवण्याचे बटण. सगळ्यात वरचे बटण जमिनीपासून १२० सेंटिमीटरपेक्षा उंच नको, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून आणि लहान मुलाला हात पोचेल. फोनचा स्वतःचा नंबर आणि जागेचे नाव देवनागरीत, ठळक, यंत्रावरच कोरलेले असावे. कागद चिकटवला तर पहिल्या पावसात जातो. लँडलाइनवरून ११२ लावल्यावर नोंदवलेला पत्ता कळू शकतो, हा तिचा मोठा फायदा आहे. पण टपरी रस्ता ओलांडून हलवली आणि नोंद तशीच राहिली, तर पोलिस जुन्या जागी जातील. म्हणून जागा बदलली की त्याच दिवशी नोंद बदलण्याची जबाबदारी एका ठरलेल्या अधिकाऱ्यावर असावी.

चालू आहे की नाही हे कळण्यासाठी तक्रारीची वाट पाहायची नाही. यंत्राने रोज पहाटे स्वतःहून एका ठरलेल्या नंबरला कॉल करावा. ज्याचा कॉल आला नाही, त्याचे नाव सकाळच्या दुरुस्तीच्या यादीत आपोआप यावे. हे तंत्र जुने आहे आणि स्वस्त आहे.

पैसा कुठून, हा प्रश्न येईलच. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून जाणाऱ्या हिश्श्यातला सार्वत्रिक सेवा निधी यासाठीच होता. त्यातून खेड्यांतले सार्वजनिक फोन चालवले गेले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले आणि त्याच्या उद्देशांत ग्रामीण व दुर्गम भागांबरोबर सेवा अपुरी असलेल्या शहरी भागांचाही समावेश झाला. म्हणजे शहरासाठी हा निधी मागता येत नाही, ही जुनी अडचण आता नाही. राज्य सरकारने आणि पालिकेने मिळून प्रस्ताव पाठवायला हवा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना पीसीओची जागा घेईल असे काहींचे म्हणणे आहे. ती वाय-फाय देते, आणि ते घेण्यासाठी हातात चालू मोबाइल लागतो. ज्याच्याकडे तोच नाही त्याला तिचा उपयोग नाही.

बाकीचे बूथ काढताना एक काळजी घ्यावी, ही पालिकेच्या विभाग कार्यालयांना विनंती. आधी डीपीवर जोडणी सोडवावी, मग वायर कापावी. उलट केले तर तारेचे उघडे टोक लटकत राहते आणि त्यावर घंटेचा दाब आला तर जोराचा झटका बसतो. ज्या बूथांत दिवा किंवा मीटर होता, तिथे २३० व्होल्टची वेगळी जोडणी असू शकते. टेस्टर लावल्याशिवाय हात घालू नये. खांब नुसता उचलला की चार बोल्टांची टोके पदपथावर वर राहतात. मुंबईत अशी ठेच लागणारी टोके कितीतरी ठिकाणी आहेत. बोल्ट जमिनीच्या पातळीखाली कापून वर सिमेंट भरल्याशिवाय काम पुरे झाले असे धरू नये आणि कंत्राटदाराचे बिलही काढू नये.

वाचकांसाठी दोन गोष्टी. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य फिरवावे लागते. रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर किंवा दुकानात लँडलाइन मिळाली आणि 'नंबर लागत नाही' असे झाले, तर बहुधा तेच कारण असते. आणि घरातल्या दोघांचे तरी नंबर, शून्यासह, कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या आवरणात पासच्या पाकिटात ठेवावेत. मुलांच्या दप्तरात आणि आजी-आजोबांच्या औषधांच्या डबीतही. नंबर मोबाइलमध्येच असतील, तर मोबाइल हरवल्यावर समोर चालू फोन असूनही लावायचा कोणाला, हे सुचत नाही.

आपले,
दूरध्वनी सेवेतील काही निवृत्त तंत्रज्ञ व पीसीओचालक, मुंबई